गळक्या बोटीचा पंचनामा

कोर्टाचा बेलिफ एसटीतून उतरला तेव्हा खाडीचं पाणी फिरलं होतं, भरती सुरू झाली होती, आणि त्या माणसाला आधी चहा हवा होता.

"बाई, जप्तीचं वॉरंट आज दिवसभर चालतंय," ढवळे बेलिफ म्हणाला. "घोटभर चहानं काय बिघडतंय?"

मी म्हटलं, वॉरंट चालेल, पण भरतीला वॉरंट वाचता येत नाही. बोट आत्ता खाडीच्या चिखलात टेकलीय. पाणी चढलं की ती तरंगेल, आणि तरंगली की शिवराम कुबल ती काढून सरळ गोव्याच्या हद्दीत नेऊन ठेवेल. मग तुम्ही बसा निवांत चहा पीत.

हा ढवळे गडहिंग्लजकडचा. तालुक्याच्या कोर्टात नुकताच बदलून आलेला आणि आमच्या आडबंदरात पहिल्यांदाच पाय ठेवत होता. खांद्याला कापडी पिशवी, पायात करकरीत चामडी चपला, आणि पाण्याकडे तो असा पाहत होता की तिथून कुणी अंगावर येणार आहे. त्याला जप्तीला आणायला मला कोर्टात किती खेटे घालावे लागले ते माझं मला माहीत. आज जप्ती झाली नसती तर वॉरंट तसंच कोर्टात परत गेलं असतं, आणि पुन्हा अर्ज, पुन्हा बेलिफाचा भत्ता, पुन्हा तारीख. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढले होते, आणि त्या वेळी तरी मला माझ्या शहाणपणाची मुळीच खात्री नव्हती.

आप्पा आमच्या मागून चालत होते. माझे वडील, जयराम मेस्त. आमच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या बोटी त्यांच्या हातच्या. शिवराम कुबलाची मोठी ट्रॉलरही त्यांनीच बांधली आणि तिथेच आमचं घर बसलं.

आमच्याकडे रीत अशी की बोट बांधणाऱ्याचा शेवटचा हप्ता बोट पाण्यात लोटायच्या आधी द्यायचा. मालक नारळ, धोतर आणि पैसे एकाच तबकात घालून मेस्त्रीच्या हातात देतो, मग बोट हलते. कुबल त्या दिवशी वाजंत्री घेऊन आला, पाहुणे घेऊन आला, तबकात नारळ होता, धोतर होतं, आणि पैसे मात्र पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला. बोटीला हार घातलेले, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, कुंकू लावलेलं, भटजींनी मुहूर्ताची घाई चालवलेली. आप्पांनी बोट अडवली नाही. पूजा झालेली बोट जमिनीवर ठेवायची नसते, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. दुसरा कुणी व्यवहारी माणूस असता तर त्यानं बोटीखालच्या ओंडक्यांवर ठाण मांडलं असतं. आप्पांनी स्वतः पहिला धक्का दिला.

तो पुढचा आठवडा काही आला नाही. आम्ही मागायला गेलो की कुबल म्हणायचा, बोट गळते, आधी ती नीट करून द्या. आप्पा बोट बघायला निघाले की ती समुद्रात असायची. शेवटी आम्ही दावा लावला, तर कुबलाच्या वकिलानं कोर्टात लेखी दिलं की बोट पहिल्या दिवसापासून गळते आणि मासेमारीला निरुपयोगी आहे. कुबलानं त्यावर शपथेवर सही केली. आणि ती निरुपयोगी बोट रोज आमच्या डोळ्यांसमोर मासळीनं भरून परत येत होती.

पण गावाला वकिलाची भाषा फार आवडली. मेस्तांची बोट म्हणजे चाळण, असं पोरं म्हणायला लागली. एका गिऱ्हाईकानं दिलेली आगाऊ रक्कम परत मागून नेली, दुसरा बोलणी करून आला आणि पुन्हा फिरकलाच नाही. आप्पांची वखारीसमोरची बोटी बांधायची जागा ओस पडली. ते बाजाराला जाताना किनाऱ्यावरची वाट सोडून वरच्या रस्त्यानं जायला लागले. घरात पैसा येईना. कुडाळच्या लाकूडवाल्याचे पैसे थकले होते आणि त्याच्याकडे आमच्या घराचे कागद होते. मी बालवाडीत शिकवायचे, तेवढ्यावर चूल पेटत होती, घर सुटत नव्हतं. म्हणून दावा मी चालवला. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, त्यातली मी शिंगरू.

हुकूमनामा आमच्या बाजूनं झाला त्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात रडले होते. आप्पांनी मात्र आमच्या वकिलांना एकच विचारलं, बोट गळत नाय असा लिवला हा काय? वकील म्हणाले, लिहिलंय ना, बोट गळते हे प्रतिवादीला सिद्ध करता आलं नाही.

"म्हणजे गळत नाय, असा लिवलला नाय," आप्पा म्हणाले.

वकील हसले. मी आप्पांवर चिडले. पैसे व्याजासकट मिळायचा हुकूम झालाय आणि हे शब्द कसले धरून बसलेत, असं मी त्यांना फाडकन म्हटलंही. हुकूम झाला तरी कुबलानं दमडी दिली नाही, हा भाग वेगळा. म्हणून वसुलीची दरखास्त, म्हणून वॉरंट, म्हणून हा ढवळे.

आम्ही खाडीवर पोचलो तेव्हा बोट एका कुशीवर किंचित कललेली होती. पाणी तिच्या मागच्या अंगाला लागलं होतं. बोटीवर खलाशी होते, दोऱ्या गुंडाळत होते. म्हणजे बातमी फुटली होती.

"हीच का?" ढवळेनं विचारलं. जप्तीत वस्तू बेलिफ शोधत नाही, ज्याचं येणं आहे त्यानं दाखवून द्यायची असते. मी आप्पांकडे पाहिलं. ते बोटीकडे पाहत होते, आणि कितीतरी दिवसांनी पाहत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

मी म्हटलं, हीच. चला.

पण ढवळे जागचा हलेना. पंच पाहिजेत म्हणाला, दोन, गावातले. पंचांशिवाय पंचनामा नाही, पंचनाम्याशिवाय जप्ती नाही. हे त्यानं मला एसटी स्टँडवर सांगितलं असतं तर मी येतानाच दोघांना बखोटीला धरून आणलं असतं. आता किनाऱ्यावर जे होते ते सगळे कुबलाच्या ओंजळीनं पाणी पिणारे. बर्फ त्याचा, डिझेल त्याचं, मासळीचा टेम्पो त्याचा. मी एकेकाकडे गेले. एकाची बायको आजारी निघाली, एकाला सही येत नव्हती, एकाला माझं बोलणंच ऐकू आलं नाही. तो गेल्या गणपतीत भजनात तबला वाजवत होता, तेव्हा कान शाबूत होते त्याचे.

मागे वळून पाहिलं तर पाणी बोटीच्या मध्यापर्यंत आलं होतं.

शेवटी आवडाबाय उठली. किनाऱ्यावर मासे विकणारी, तोंडानं तिखट, गावात तिच्या वाटेला कुणी जात नसे. तिनं टोपली बाजूला सारली आणि हात लुगड्याला पुसले.

"माका लिव," ती म्हणाली. "तो माजा काय वाकडा करतलो? मासो दिल्यान नाय तर दुसऱ्या बंदरातसून हाडीन."

दुसरा पंच सायकलवरून आला. पोस्टमन. तो पत्रं वाटत चालला होता आणि ढवळेनं त्याला हाताला धरून थांबवलं. सरकारी माणूस सरकारी कामाला नाही म्हणू शकत नाही, असं ढवळे त्याला दरडावून म्हणाला. हा नियम खरा होता की त्यानं तिथल्या तिथे तयार केला, देव जाणे. पण माझा त्या माणसावर तेव्हा पहिल्यांदा थोडा विश्वास बसला.

एवढ्यात बोटीचं मशीन सुरू झालं.

तो आवाज मला अजून आठवतो. बोट सरळ झाली होती. मागची बाजू हलायला लागली होती. ढवळे पाण्याच्या कडेला उभा होता, चपला हातात, धोतर गुडघ्याच्या वर, आणि तिथून पुढे त्याचं पाऊल पडत नव्हतं. जप्ती करायची तर बोटीवर जाऊन ती ताब्यात घ्यावी लागते. किनाऱ्यावरून ओरडून जप्ती होत नाही.

"बाई, मला पवाय येत नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरंच उतरला होता. त्याला दोष तरी काय द्यायचा? ज्या गावात विहिरीला दोर लागतो त्या गावचा माणूस तो.

मी खलाशांना ओरडून सांगत होते की हे कोर्टाचं काम आहे, तुम्ही अडकाल. मशीनच्या आवाजात मला माझंच ऐकू येत नव्हतं. मला आमचं घर दिसत होतं, लाकूडवाल्याचा माणूस दारात उभा असलेला दिसत होता. आणि तेव्हा आप्पा माझ्या बाजूनं पुढे गेले. ते ढवळेसमोर पाठ करून वाकले आणि म्हणाले, बसा.

ढवळेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बसा हो.

तो बसला. पिशवी गळ्यात अडकवलेली, दोन्ही हात आप्पांच्या गळ्याभोवती, डोळे मिटलेले. साठीला टेकलेला माझा बाप त्या बेलिफाला पाठुंगळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेला. किनाऱ्यावर कुणीतरी हसलं. आवडाबायनं त्याच्याकडे वळून काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही, पण हसू थांबलं.

बोटीचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या पांडगो नाळेशी उभा होता. तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "मेस्तानू, आमका शेटन सांगल्यान हा, पाणी चढला काय बोट काढूची."

त्यांनी एक हात बोटीच्या कडेवर ठेवला आणि तसेच उभे राहिले, पाठीवर बेलिफ. बोट हलवली असती तर आप्पा खाली गेले असते. पांडगोनं क्षणभर पाहिलं, मग मागे वळून मशीन बंद करायला सांगितलं. त्यानं स्वतः हात देऊन ढवळेला वर घेतलं.

बोटीवर पाय टेकल्यावर ढवळे पार बदलला. त्यानं पिशवीतून वॉरंट काढलं, कोर्टाच्या हुकमानं ही बोट जप्त झाली आहे, आता जो कोणी ती हलवेल त्याच्यावर फौजदारी होईल, असं खणखणीत वाचलं आणि एक प्रत डिंकानं केबिनच्या दारावर चिकटवली. खलाशी एकेक करून खाली उतरले. बोट नांगरावरच उभी राहिली. मी गुडघाभर पाण्यातून मागे फिरले आणि किनाऱ्यावर आले.

थोड्या वेळानं शिवराम कुबल मोटारसायकलवरून आला. तोवर बोटीसमोर निम्मा गाव गोळा झाला होता. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. पण कुबल हुशार, बेलिफाशी गोड बोलायला लागला. चार दिवसांत पैसे भरतो, हंगाम ऐन भरात आहे, बोट बांधून ठेवली तर खलाशी उपाशी मरतील, तुम्ही आज कागद परत न्या. खलाशांची एवढी काळजी त्याला पूर्वी कधी वाटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ढवळे म्हणाला, पैसे कोर्टात भरा, बोट लगेच सुटेल. न भरलेत तर लिलाव होईल. मी माझं काम पुरं करतो.

तो किनाऱ्यावर उलट्या टोपलीवर बसला आणि पंचनामा लिहायला लागला. पंच शेजारी बसले. बोटीची लांबी, रुंदी, रंग, नंबर, मशीन, जाळी. मग त्यानं मान वर केली. मालाची स्थिती आणि अंदाजे किंमत लिहावी लागते म्हणाला, लिलावाची बोली तिथूनच सुरू होते. त्यानं पिशवीतून निकालाची नक्कल काढली आणि सावकाश वाचली. मला तेवढाही वेळ सोसत नव्हता. आप्पा ओल्या कपड्यांनी माझ्या शेजारी उभे होते.

"हितं प्रतिवादीचं म्हणणं आहे," ढवळे म्हणाला, "की बोट गळती आणि मासेमारीला निरुपयोगी. मला काय बोटीतलं कळत नाही. मालकच म्हणतोय म्हटल्यावर तसंच लिहितो. गळकी बोट, किंमत जुन्या लाकडाच्या भावानं."

त्यानं लेखणी टेकवली. त्यानं हे मुद्दाम केलं की भोळेपणानं, हे मला आजवर कळलेलं नाही. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो आमच्याच नुकसानीचा. जुन्या लाकडाच्या भावानं बोट गेली तर आमचे पैसे कुठून निघणार? मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पांनी माझा दंड धरला. एवढा घट्ट की दुखला. त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. आता सरकारी कागदावर, गावासमोर, त्यांची बोट गळकी म्हणून लिहिली जाणार होती.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. कुबलानं हिशेब केला. बोट लाकडाच्या भावानं जाणार, कुणीतरी ती फुकटात उचलणार, आणि आमचं उरलेलं देणं तसंच त्याच्या मानेवर राहणार. तो दोन पावलं पुढे आला.

"साहेब, लाकडाच्या भावानं कसली लिहिता? अशी बोट या किनाऱ्यावर दुसरी नाय."

"गळती ना पण?"

"कोण म्हणता गळती? तीन हंगाम मारलेत मी तिच्यावर. तुफानात काढली तिला. आत थेंब नाय आला पाण्याचा."

"मग कोर्टात शपथेवर सांगितलंसा ते?"

कुबलानं इकडेतिकडे पाहिलं. सगळे ऐकत होते. खलाशी, मासेवाल्या, बर्फवाले, मघाशी कानानं अधू झालेला तबलजीसुद्धा.

"ते वकिलाचं बोलणं," कुबल म्हणाला. "बोट गळत नाय."

"तसं लिहू?"

"लिहा."

"खाली सही करावी लागंल."

"करतो म्हटला ना."

ढवळेनं लिहिलं. किंमतही लिहिली, कुबलानं सांगितली ती. तिच्यात आमचं देणं फिटून वर बरंच उरत होतं. कुबलानं सही केली, आवडाबायनं अंगठा उमटवला, पोस्टमननं सही करून घड्याळ पाहिलं. कुबलानं तिथेच सांगून टाकलं की उद्या कोर्टात पैसे भरतो, आणि तो मोटारसायकलीकडे वळला. मला हे सगळं ऐकू येत होतं. घर सुटलं, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. मी आप्पांना म्हटलं, चला, कपडे बदला, आजारी पडाल.

आप्पा हलले नाहीत. ते ढवळेसमोर गेले. पाठीवरून नेलेल्या माणसासमोर ते आता अगदी अदबीनं उभे राहिले आणि म्हणाले, साहेब, काय लिवलास ता वाचून दाखवतास?

पंचनामा पंचांना वाचून दाखवायचाच असतो. ढवळे उभा राहिला आणि त्यानं वाचायला सुरुवात केली. लांबी, रुंदी, नंबर वाचून झाले. मग आलं, सदर बोट स्वतः मालकाच्या सांगण्याप्रमाणे कोठेही गळत नाही, बांधणी उत्तम व मजबूत आहे. त्यानं पुढची किंमत वाचली, तारीख वाचली, कागदाची घडी घातली.

लोक पांगायला लागले. मला वाटलं आप्पा आता निघतील. ते तिथेच उभे होते. भरती पुरती चढली होती आणि लाटांचा आवाज वाढला होता. त्यांनी किनाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसांकडे हात केला.

"थयच्या लोकांका आयकाक गेला नाय," आप्पा म्हणाले. "परत एकदा वाचा."